जुन्या मॉडिफाय गाडीचं चार्जिंग का बिघडतं: बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, पद्मिनी, अँबेसेडर, महिंद्राची जीप. या पट्ट्यात अशा गाड्या अजून हौसेनं पाळल्या जातात आणि त्यातली क्वचितच एखादी कंपनीतून आली तशी राहिलेली असते. खालची उत्तरं बारा व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेल्या) गाड्यांसाठी आहेत. हातात एक साधा डिजिटल मल्टीमीटर हवा. नसेल तर आधी तो घ्या. नव्या बॅटरीच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही.

बॅटरी नवी टाकली, तरी महिन्यात उतरली. आता अल्टरनेटर बदलू का?

इतक्यात काहीच बदलू नका. आपल्याकडे खर्चाचा क्रम ठरल्यासारखा असतो. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवतो तो), मग दुसरा इलेक्ट्रिशियन, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी इंजिनपासून बॉडीला जाणारी गंजलेली अर्थ पट्टी बघतो.

मॉडिफाय गाडीत पहिला प्रश्न वेगळा असतो: कंपनीनं दिलं होतं त्याच्यावर आपण काय काय चढवलं? एका कागदावर लिहून काढा. जादा हॅलोजन, फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, अँप्लिफायर, इलेक्ट्रिक फॅन, मोबाईल चार्जर, मागं बसवलेला कॅमेरा. प्रत्येकासमोर लिहा की त्याची वायर कुठून घेतली आहे. हा दुसरा रकाना भरताना बहुतेकांना घाम फुटतो, कारण गाडी घेतली तेव्हाच त्यातलं निम्मं बसवलेलं असतं. बिघाड बऱ्याचदा याच रकान्यात सापडतो. अल्टरनेटर बिचारा ठीक असतो, त्यानं बनवलेली वीज बॅटरीपर्यंत पोचत नसते, किंवा वाटेतच कुणीतरी ती खात असतं.

मीटर लावून नेमकं काय बघायचं?

चार मोजमापं पुरतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यातच गंज असेल तर क्लॅम्पवरचा आकडा फसवतो.

पहिलं मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली असेल तर आधी ती बाहेरच्या चार्जरवर भरून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे दिशाभूल करतील.

दुसरं, इंजिन चालू, सगळे दिवे बंद, थोडी रेस दिलेली. १३.८ ते १४.५ दरम्यान यायला हवं. इंजिन बंद असताना होता तोच आकडा दिसत असेल तर चार्जिंग होतच नाही.

तिसरं मोजमाप लोक टाळतात आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. हेडलाईट, ब्लोअर, वायपर, जादा दिवे, सगळं लावा आणि रेस दोन हजार आरपीएमच्या आसपास धरा. आकडा १३.२-१३.५ च्या वर टिकला तर गाडी तुमचा भार पेलते आहे. १२.६ च्या खाली घसरला तर चालत्या गाडीतसुद्धा बॅटरी रिकामी होते आहे.

चौथं, मीटर एसी व्होल्टवर फिरवा आणि इंजिन चालू असताना बॅटरीवरच बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर डायोड प्लेटवर (अल्टरनेटरमधल्या एसीची डीसी करणाऱ्या भागावर) संशय घ्या. रेस दिली की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी येते ना, तिचं एक कारण हेही असतं.

एक सूचना. गोकाक बाजूच्या एप्रिल-मेच्या उन्हात, इंजिन तापलेलं असताना १३.६ दिसलं तर घाबरू नका. बरेच रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) तापले की व्होल्टेज मुद्दाम थोडं उतरवतात. सकाळी गार इंजिनवर पुन्हा बघा.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा किल्ली फिरवल्यावर लागतच नाही. चांगलंच आहे ना?

नाही, हे दिवा न विझण्याइतकंच वाईट आहे.

तो दिवा नुसता इशारा नाही. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. किल्ली फिरवली की बल्बमधून करंट रोटरपर्यंत जातो, रोटर चुंबक होतो, इंजिन फिरल्यावर वीज तयार होते. मग बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. बल्ब उडाला, सॉकेट सैल झालं किंवा मागची बारीक वायर तुटली की रोटर जागाच होत नाही. काही अल्टरनेटर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जोराची रेस दिली की चालू होतात. म्हणून मालक सांगतो, 'सकाळी चार्ज होत नाही, हायवेला लागली की होते.'

मॉडिफाय गाड्यांत याचं ठरलेलं कारण म्हणजे मीटरच्या पॅनलमध्ये टाकलेले एलईडी किंवा बाहेरून आणलेलं डिजिटल मीटर. मूळचा तीन वॉटचा बल्ब साधारण पाव अँपियर करंट सोडतो. एलईडी त्याच्या कितीतरी पट कमी सोडते, आणि तेवढ्यावर रोटर उठत नाही. उपाय स्वस्त आहे. त्या एका जागी जुना बल्ब परत लावा, किंवा एलईडीला समांतर ४७ ओहम, पाच वॉटचा रेझिस्टर जोडा. रेझिस्टर तापतो, तेव्हा तो प्लॅस्टिकला चिकटवून ठेवू नका.

दिवा विझतो पण रात्री बघितलं तर मिणमिणत असतो.

बल्बच्या दोन बाजूंमध्ये थोडा फरक उरला आहे एवढाच त्याचा अर्थ. एखादा डायोड गेला असेल, किंवा इग्निशन स्विचमध्ये आणि फ्यूज बॉक्समध्ये व्होल्टेज गळत असेल. वीस-पंचवीस वर्षं जुना इग्निशन स्विच आणि त्यावर नंतर लादलेला टेप रेकॉर्डर, असं असेल तर आधी स्विच तपासा. एसी व्होल्टची चाचणी वर दिली आहे, तिनं दोन्हीतला फरक लगेच कळतो.

कानकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात, पावसात, रात्री हेडलाईट मंद होतात. शहरात काहीच त्रास नाही. असं का?

कारण घाटात सगळ्याच गोष्टी एकदम लागतात आणि इंजिन मात्र दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतं. हा हिशेब प्रत्येकानं आपल्या गाडीसाठी एकदा तरी मांडावा.

साधी पेट्रोल गाडी, कंपनीच्या अवस्थेत: डिपरवर (खालच्या झोतावर) दोन हेडलाईट ११० वॉट, मागचे आणि मीटरचे दिवे ३०, वायपर ५०, काच साफ राहावी म्हणून ब्लोअर १२०, इग्निशन आणि फ्युएल पंप मिळून १२०. एकूण ४३० वॉट. १३.८ व्होल्टनं भागलं की ३१ अँपियर. लहान जुन्या गाडीचा अल्टरनेटर चाळीस-पन्नास अँपियरचा असतो, म्हणजे कंपनीनं थोडी जागा ठेवूनच दिलेली आहे.

आता तीच गाडी आपल्या हातून गेल्यावर: हेडलाईटमध्ये १००/९० चे (अप्परला १००, डिपरला ९० वॉटचे) बल्ब, म्हणजे डिपरवर ७० वॉट जादा. दोन फॉग लॅम्प ११०. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन १५०. गाणी लावली असतील तर अँप्लिफायरचे १५० धरा, खरं तर जास्तच. बेरीज ९१० वॉट, म्हणजे ६६ अँपियर. अल्टरनेटरवर कोरलेला आकडा हा त्यानं भरपूर वेगात फिरताना द्यायचा असतो. आयडलिंगला त्यातला निम्मा मिळाला तरी खूप. तापला की तोही उतरतो. उरलेला सगळा करंट बॅटरीतून निघतो आणि कानकुंबीहून पुढं उतरेपर्यंत तिचा जीव जातो.

शहरात तुम्ही हे सगळं एका वेळी लावत नाही, म्हणून कळत नाही.

मग काय करायचं? मोठा अल्टरनेटर हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. माझा सल्ला आधी भार कमी करा असा आहे. १००/९० चे बल्ब काढा. ते जुन्या होल्डरला वितळवतात, रिफ्लेक्टर काळा करतात, समोरच्याला आंधळं करतात, आणि पातळ वायरवर व्होल्टेज पडत असल्यामुळं उजेडही सांगतात तेवढा देत नाहीत. साधेच ६०/५५ चे बल्ब रिले लावून, थेट बॅटरीवरून जाड वायरनं चालवा. उजेडातला फरक लगेच दिसतो, आणि जुना स्विचही वाचतो. फॉग लॅम्प चांगल्या प्रतीचे एलईडी घेतले तर त्यांचा भार निम्म्याहून खाली येतो.

मोठा अल्टरनेटर बसवला. तरी बॅटरीवर आकडा वाढत नाही.

वायर तीच ठेवली ना?

जुन्या लहान गाडीत अल्टरनेटरपासून बॅटरीकडं येणारी वायर बारीक असते. समजा अडीच चौरस मिलिमीटरची, दोन मीटर लांब. तांब्याच्या अशा वायरचा रोध ०.०१४ ओहम येतो. त्यातून ४० अँपियर गेले की अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तिथंच पडतो. जुने गंजलेले लग आणि मधला फ्यूज यांनी आणखी तेवढाच खाल्ला तर अल्टरनेटर १४.३ देतो आणि बॅटरीला मिळतात १३.२. तीच वायर दहा चौरस मिलिमीटरची केली तर पडणारं व्होल्टेज पाव होतं.

मोजायची पद्धत: इंजिन रेसवर, सगळा भार चालू. मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर, काळं टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर. इथं ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसावेत. जास्त दिसले तर तेच टोक एकेक जोड मागं आणत जा. आकडा जिथं एकदम उतरतो तो जोड खराब. पंखा आणि बेल्टपासून हात आणि शर्टाची बाही लांब ठेवा.

नवी वायर टाकताना जुनी काढायची गरज नाही, समांतर दुसरी टाका. पण त्या नव्या वायरला बॅटरीच्या बाजूला फ्यूज हवाच. अल्टरनेटर सत्तरचा असेल तर ऐंशीच्या आसपासचा फ्यूज, आणि वायर त्या फ्यूजपेक्षा ताकदीची. फ्यूजशिवाय बॅटरीवरून सोडलेली जाड वायर कुठंतरी बॉडीला घासली की काय होतं, ते जळालेल्या ओम्नी बघितलेल्यांना सांगायला नको. लग दाबून बसवा. नुसतं वळवून वर टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसापुरताच असतो.

अर्थ कशी तपासायची?

लाल टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, काळं बॅटरीच्या मायनस खुंटावर, भार चालू. ०.१ ते ०.२ च्या वर गेलं तर अर्थ वाईट.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा खरा संबंध एका विणलेल्या पट्टीनं असतो. इंजिन काढून बसवताना ही पट्टी हरवते, किंवा रंगावरच बोल्ट आवळला जातो. मग स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम होऊन जाम झाली असेल तर कारण हेच. रंग घासून, चकचकीत पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून नवी पट्टी आवळा आणि वरून ग्रीस लावा. खानापूर-जांबोटीच्या पावसात ग्रीस नसलेला जोड एका मोसमात हिरवा पडतो.

सकाळी बेल्ट किंचाळतो, पाच मिनिटांनी थांबतो.

स्टार्ट केल्यावर बॅटरी भुकेली असते, अल्टरनेटरवर जोर येतो आणि सैल बेल्ट घसरतो. सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबा, साधारण एक सेंटिमीटर दबावा. दबतोय बरोबर आणि तरी ओरडतो, तर पुलीच्या खाचेत बघा. व्ही बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंवर पकड घेतो. झिजून तो तळाला टेकला आणि तळ चकाकायला लागला तर कितीही ताणा, घसरणारच. ताणून ताणून शेवटी बेअरिंग जातं, अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं.

दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवला असेल तर दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी धरून बघा. नवा बेल्ट घातल्यावर थोडं फिरवून एकदा परत ताणावा लागतो, हे विसरू नका. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे कृपा करून नको.

बेल्ट तुटला तर बॅटरीवर घरापर्यंत येता येईल?

आधी तो बेल्ट आणखी काय फिरवतो ते बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. लाल दिवा लागला आणि टेंपरेचरचा काटाही चढतोय, तर जागच्या जागी थांबा. तवंदी घाटात अर्धा किलोमीटर 'कडेला हॉटेलपर्यंत नेऊ' म्हणून ओढलेल्या इंजिनांची हेड गॅस्केट जाते.

नुसतं चार्जिंग गेलं असेल, पंप फिरतोय, तर हिशेब असा. ३५ अँपियर-अवरच्या बॅटरीतून निम्मंच वापरता येईल असं धरा, म्हणजे १७. कार्ब्युरेटरची गाडी दिवसा चार-पाच अँपियर खाते, तीन तास निघतात. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरच्या) गाडीला फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून नऊ-दहा लागतात, दीड-पावणेदोन तास. रात्री हेडलाईट लावले की एक तास किंवा कमी. ब्लोअर, गाणी, चार्जर बंद करा आणि इंजिन वाटेत बंद करू नका, पुन्हा स्टार्ट करण्यात बरंच जातं. ओढून बंद करायची जुनी डिझेल जीप असेल तर इंजिनला वीज जवळपास लागतच नाही, फक्त अंधार पडायच्या आत पोचा. उसाच्या हंगामात संकेश्वर-चिकोडी बाजूला मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, मंद हेडलाईट घेऊन त्या रस्त्यावर जाऊ नये.

पद्मिनीचा डायनामो काढून अल्टरनेटर घालायचा आहे. काय काय बदलावं लागतं?

रोज चालवायची असेल तर जरूर घाला. डायनामो, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या काळातलं वीज बनवणारं यंत्र, आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही, दिवा लुकलुकणं ही त्यात बिघाडाची खूण नसते. हौसेची, मूळ अवस्थेत जपलेली गाडी असेल तर मी डायनामोच दुरुस्त करून ठेवीन, पण तो आवडीचा भाग झाला.

बदलताना चार गोष्टी. डायनामोसोबतचा कटआउटचा डबा वायरिंगमधून पूर्ण बाजूला करायचा. अल्टरनेटरला स्वतःचा रेग्युलेटर असतो, कटआउट लागत नाही. दिखाव्यासाठी डबा जागेवर ठेवायचा तर ठेवा, आतून वायरी काढून. दुसरं, चार्जिंगच्या दिव्याची वायर अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल खुणेच्या टर्मिनलला. तिसरं, ब्रॅकेट. ते इथंच बनवून मिळतं. उद्यमबागेत लेथ आणि फाउंड्रीवाल्यांची वाण नाही. मात्र पट्टी जाड घ्या, पातळ ब्रॅकेट कंपनानं चिरतं.

चौथी गोष्ट अँमीटर, आणि जुन्या जीपवाल्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. जुन्या गाडीत चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून फिरून येतो. तो ३० अँपियरचा, अल्टरनेटर साठचा. उतरलेली बॅटरी लावून पहिल्यांदा स्टार्ट केलं की अँमीटरच्या मागून धूर. अँमीटरला बगल देऊन जाड वायर थेट बॅटरीकडं न्या आणि त्याच्या जागी व्होल्टमीटर लावा. तो जास्त सांगतोसुद्धा.

फार जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असतो. तशा गाडीत अल्टरनेटर जोडण्याआधी सगळी उलटापालट करावी लागते, नाहीतर डायोड क्षणात जातात.

डिझेल जीपचा अल्टरनेटर वरचेवर जातो. कार्बन काळे, तेलकट निघतात.

अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनचं तेल येतं. मधलं ऑइल सील गेलं की तेल आत झिरपतं, कार्बनची (रोटरला करंट पोचवणाऱ्या ब्रशांची) भुकटी त्यात मिसळते आणि स्लिप रिंगवर, म्हणजे कार्बन टेकतात त्या कड्यांवर, लेप बसतो. कार्बन बदलून दोन महिनेही टिकणार नाहीत, सील बदला. ब्रेक पेडल कडक लागायला लागलं असेल तर पंपाच्या पाकळ्याही बघा. अशा गाडीत पंप नसलेला अल्टरनेटर 'बसतोय की' म्हणून बसवू नका. बूस्टर मेला की ब्रेक लागायला मांडीचा जोर लागतो.

चार्जिंग १४.२ आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही.

गाडी बंद असताना काहीतरी खातंय. मायनसची केबल सोडून मीटर मधे अँपियरवर लावा. दारं बंद, किल्ली काढलेली, दहा मिनिटं थांबून बघा. ५० मिलीअँपियरच्या आत ठीक. तीनशे-चारशे दिसले तर एकेक फ्यूज उपसत जा. मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

फ्यूज सगळे काढले तरी उतरत नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा. आकडा पडला, म्हणजे डायोड शॉर्ट आहे. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो, तोही यातलाच प्रकार. नाहीतर संशयित ठरलेले: अँप्लिफायरची रिमोट (त्याला चालू-बंद करणारी) वायर, जी किल्लीऐवजी थेट बॅटरीवर जोडलेली असते, आणि स्वस्तातला ट्रॅकर.

बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

ओव्हरचार्जिंग. मीटरवर १५ च्या वर दिसेल. गाडी चालवू नका, बॅटरीजवळ ठिणगी नको, त्या वासाचा वायू विषारीही आहे आणि सोबतचा हायड्रोजन पेट घेतो.

रेग्युलेटर गेला असेलच असं मात्र नाही. काही अल्टरनेटरमध्ये एक बारीक वायर बॅटरीचं व्होल्टेज वाचायला असते. मॉडिफाय करताना ती कुणीतरी इग्निशन स्विचच्या मागं, आधीच लोड असलेल्या वायरला जोडतो. तिथं १३.२ दिसतात, रेग्युलेटरला वाटतं बॅटरी उपाशी आहे, तो आणखी चढवतो. ती वायर सरळ बॅटरीच्या प्लसवर, छोट्या फ्यूजमधून न्या आणि मग रेग्युलेटरला दोष द्या.

चालू गाडीत बॅटरीची केबल काढून बघतात, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब. बरोबर आहे का?

डायनामोच्या काळातली पद्धत. आता नको. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू, टेप यातलं काहीही जाऊ शकतं. कुणी तुमच्या एमपीएफआय गाडीच्या केबलला पाना लावायला लागला तर हात धरा.

मग अल्टरनेटर खरंच खराब आहे हे कसं ओळखायचं?

इंजिन बंद, किल्ली ऑन. स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. लोखंड ओढलं गेलं तर रोटरला करंट मिळतोय, म्हणजे दिवा, वायर, कार्बन इथपर्यंत ठीक, आणि शंका डायोड प्लेट किंवा स्टेटरवर (न फिरणाऱ्या वाइंडिंगवर). ओढच नसेल तर आधी कार्बन.

कार्बन पाच मिलिमीटरच्या खाली झिजले असतील तर बदला. स्लिप रिंगला चरे पडले असतील तर लेथवर हलकी पुसून घ्या. दोन्ही रिंगांमधला रोध बहुतेक अल्टरनेटरमध्ये अडीच ते पाच ओहमच्या दरम्यान येतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात काहीच यायला नको. खानापूर भागातली लाल माती आत शिरली की कार्बन होल्डरमध्ये अडकून बसतात, झिजलेले नसतानाही. ओढ्याचं पाणी अंगावर घेतल्यावर चार्जिंग बंद पडलं तर हेच बघा. आणि वॉशिंग सेंटरवर अल्टरनेटरवर प्रेशरचा पाइप मारू देऊ नका.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट इतकंच असेल तर दुरुस्तच करा. मूळचा चांगल्या कंपनीचा अल्टरनेटर दुरुस्त करून जितका टिकतो तितका खोक्यातून निघालेला निनावी नवा टिकत नाही. स्टेटरचं वाइंडिंग जळालं असेल तर विचार करावा. बेळगावात, कोल्हापुरात रिवाइंडिंग करणारे हात आहेत, पण वार्निश नीट भाजलेलं नसेल तर एका उन्हाळ्यात परत येतं. सामान परत आणताना जुने भाग मागून घ्या, सगळे.

शिवजयंतीच्या चित्ररथाला जीपवर दिवे आणि स्पीकर लावायचे आहेत. अल्टरनेटर पेलेल?

नाही. मिरवणूक चालीच्या वेगानं सरकते, इंजिन आयडलिंगवर, हवा लागत नाही, अल्टरनेटर तापून जातो. जनरेटर वेगळा घ्या. चार्जिंगचे बरेच बिघाड मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजला येतात.

बम्परला वेल्डिंग करून घ्यायचंय. बॅटरी काढावी का?

बॅटरीच्या दोन्ही केबल, अल्टरनेटरची जाड वायर आणि असला तर ईसीयूचा कप्लर, सगळं सोडा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर तो करंट अल्टरनेटरच्या बेअरिंगमधून वाट काढतो. लोखंडी क्रॅश गार्ड लावणार असाल तर त्याच्यावर कारवाई करायला केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं आहे. पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा इन्स्पेक्टर आधी गार्ड बघतो आणि मग ते झगझगीत हेडलाईट लावायला सांगतो.